ठिणगी मुदतीत पोहोचत नाही

काटकोनरावांचे खरे नाव मोजणी खात्याच्या हजेरीपटावर चौतीस वर्षे होते, आणि बहुधा फक्त तिथेच होते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना नकाशाच्या टेबलाशी बसलेले पाहून शिपायाने जे नाव ठेवले, ते चिकटले ते चिकटलेच. ताठ पाठ, आडव्या मांड्या, आणि दोहोंच्या मधल्या नव्वद अंशांत अर्ध्या अंशाचीही सूट नाही. बढती मिळाल्यावर सहकाऱ्यांनी आदर म्हणून पुढे 'राव' जोडले, एवढाच काय तो फरक.

बाहेर पथक जमीन मोजून आकडे आणी आणि आत बसून काटकोनराव त्या आकड्यांचा ओढा करीत, रस्ता करीत, विहीर करीत. हद्दीचा दगड नकाशावर दोन हात पलीकडे सरकावा म्हणून लोक मिठाईचे पुडे घेऊन येत. काटकोनराव पुडा परत करीत आणि परत मिळाल्याची सही घेऊन ठेवीत. एवढे करून नकाशाखाली नाव छापले जाई ते साहेबांचे. काढणाऱ्याचे नाव घालायची खात्यात पद्धत नव्हती. संबंध जिल्ह्याचा मोठा नकाशा काढायला त्यांना चौदा महिने लागले. त्यावर ज्या साहेबांचे नाव आहे, ते त्यांतले अकरा महिने रजेवर होते. याबद्दल काटकोनराव कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण नकाशा कुठेही दिसो, दवाखान्याच्या भिंतीवर की बसच्या थांब्यावर, त्यांची नजर आधी त्याच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात जाते, हे त्यांच्या पत्नीच्या केव्हाच ध्यानात आले होते.

पत्नीला सगळे जण बाई म्हणत, कारण त्या मुलींच्या शाळेत तीस वर्षे खेळाच्या शिक्षिका होत्या. त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. रोज सकाळी त्या शाळेच्या मैदानावर जात आणि नव्या शिक्षिकेला न विचारता मुलींना पळवीत.

निवृत्तीला दोन वर्षे झाली तेव्हा एक प्रकाशक घरी आले. छापखान्याच्या माडीवर त्यांची कचेरी होती. त्या इमारतीच्या हद्दीचा वाद काटकोनरावांनी पूर्वी मोजून मिटवला होता, तेवढीच ओळख. त्यांनी तीन जाडजूड पुस्तके टेबलावर ठेवली आणि वर चौथ्याचे हस्तलिखित.

"ही ठिणगी," प्रकाशक म्हणाले.

"कुठे?" म्हणून काटकोनरावांनी टेबलाखाली पाहिले.

ठिणगी म्हणजे पुस्तकातली चौदा वर्षांची मुलगी. ती दोन चंद्रांच्या जगात राहते. तिच्या आईला धुक्याच्या राणीने डोंगरापलीकडे डांबून ठेवले आहे. तिथे जायला ग्रहणद्वार नावाचे एकच दार आहे, आणि मोठा चंद्र धाकट्याला झाकतो त्या एकाच रात्री ते उघडते. सोबतीला किल्लीवर चालणारा तांब्याचा कावळा, पाठीवर बारा दिवसांची शिदोरी, आणि हातात दिवस मोजून अकरा. तीन खंडांत ती पाच वेळा मरता मरता वाचली होती. चौथ्यात निकाल लागायचा होता.

"मुलींची पत्रांवर पत्रं येतायत," प्रकाशक म्हणाले. "सगळ्यांना एकच हवंय, नकाशा. ठिणगी नेमकी कुठून कुठे गेली. शेवटच्या खंडात घालू म्हणतो. पंधरा दिवसांत द्याल?"

"नकाशा खऱ्या जागेचा असतो."

"खाली तुमचं नाव छापू. पूर्ण."

काटकोनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बघतो," ते म्हणाले. प्रकाशक जिना उतरायच्या आत ते बोर्डावर कागद ताणून बसले होते.

त्यांनी ते तीन खंड कज्ज्याची कागदपत्रे वाचावीत तसे वाचले. वहीत रकाने आखले: पान, ओळ, दिशा, अंतर. बाईंनी पहिला खंड सहज म्हणून उचलला आणि मग त्यांना स्वयंपाकाचेही भान राहिले नाही.

"अहो, दलदलीत मगर आली," बाई पलंगावरून म्हणाल्या.

"काठापासून किती अंतरावर?"

"तिचा पाय धरलाय मगरीनं."

"कुठला पाय? डावा असेल तर ती उत्तरेकडे तोंड करून उभी आहे."

बाईंनी पुस्तक मिटून त्यांच्याकडे पाहिले. लग्नाला छत्तीस वर्षे झाली होती. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडले.

लेखिकेला आकड्यांची हौस होती. आकडा लिहिला की संकट मोठे वाटते, म्हणून तिने काचेचे जंगल चाळीस मैलांचे केले होते, उलट्या नदीचा काठ छत्तीस, वाळवंट तीस, दलदल पंचवीस आणि बोलक्या दगडांची खिंड बारा. तिने या आकड्यांची बेरीज कधी केली नव्हती. काटकोनरावांनी केली. चौथ्या खंडात ठिणगी एका धर्मशाळेत कावळा विसरते आणि साडेपाच मैल मागे जाऊन त्याला घेऊन येते, तेही त्यांनी जमेस धरले. एकूण एकशे चौपन्न मैल. मग त्यांनी भागाकार केला, तो तपासला, आणि दुपारचा चहा तसाच ठेवून लेखिकेला पत्र लिहिले.

"विषय: कु. ठिणगी हिच्या प्रवासातील तफावतीबाबत. महोदया, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, कु. ठिणगी हिने अकराव्या रात्री ग्रहणद्वारी हजर होणे अपेक्षित असून, प्रत्यक्ष अंतर पाहता ती विसाव्या दिवसापूर्वी तेथे पोहोचू शकत नाही. तिची शिदोरी बाराव्या दिवशी संपत असल्याने उर्वरित आठ दिवसांच्या तिच्या उपजीविकेची तरतूद काय, याचा खुलासा व्हावा. कावळा तांब्याचा असल्याने खाण्यास निरुपयोगी आहे, ही बाब विचारात घेतलेली आहे."

लेखिका दिवसा विम्याच्या कचेरीत काम करी आणि सकाळी लिही. वय अठ्ठावीस. पत्र वाचून ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रकाशकांच्या माडीवर येऊन थडकली. काटकोनराव तिच्या आधी येऊन वहीसह बसले होते.

"काका, हे काल्पनिक जग आहे," ती म्हणाली.

"जग काल्पनिक आहे. बेरीज काल्पनिक नाही."

"मग वाळवंट थोडं लहान काढा ना."

"पहिल्या खंडात म्हातारी त्याला तीस मैल म्हणते. छापलंय. पान एकशे बारा."

"ती म्हातारी खोटारडी आहे."

"असं कुठे लिहिलंय?"

लेखिकेने प्रकाशकांकडे पाहिले. प्रकाशक खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "काटकोनराव, डोंगर जरा अलीकडे घ्या. बोटभर. कोण बघायला जातंय?"

"डोंगर अलीकडे घ्यायला लोक माझ्याकडे चौतीस वर्षं येत होते," काटकोनराव म्हणाले. "त्यांच्याकडे निदान मिठाई असायची."

प्रकाशकांचा चेहरा पडला. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवले. पुढच्या बुधवारी पुस्तक छपाईला जायचे होते. तोवर नकाशा आला तर ठीक, नाही तर संगणकावर कुणाकडूनही करून घेता येईल, आणि मग अर्थातच खाली नाव त्याचे जाईल. हे ते काही वाईट बोलले नाहीत. नुसते वस्तुस्थिती म्हणून बोलले. काटकोनरावांनी वही बंद केली, तिला रबर लावले आणि ते उठले.

घरी त्यांनी नावाबद्दल काही सांगितले नाही. फक्त ताटातला घास तीनदा उचलून तीनदा खाली ठेवला.

"नावाचं वाईट वाटतंय," बाई म्हणाल्या.

"नावाचं काय. पोरगी पोहोचत नाही, हे वाईट आहे."

"ते मला पटतच नाही. रोज किती मैल चालवलंत तिला?"

"आठ."

"आठ कुठून काढलेत?"

"नियम आहे. क्षेत्रीय पथकाने दिवसाला सरासरी आठ मैल पुढे जावे."

बाईंचा हात पोळीवर तसाच थांबला. "म्हणजे साखळी टाकत, खुणा रोवत, झाडाखाली चहा पीत जाणारं पथक? ज्यात तुमचे ते ढेरपोटे साहेब पालखीतून आल्यासारखे यायचे?"

काटकोनरावांनी ताट दोन बोटे पुढे सरकवले.

"अहो, तिच्यामागं राणीचे कुत्रे लागलेत. तिला कशाला सरकारी चाल लावलीत?"

चौतीस वर्षांत काटकोनरावांच्या मनात हा प्रश्न एकदाही आला नव्हता. त्यांच्या लेखी माणूस दिवसाला आठ मैलच जात असे, जसे पाणी उताराने जाते. त्यांना थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "चौदा वर्षांची मुलगी किती चालते, याची कुठे नोंद आहे का?"

"नोंद कशाला? मी तीस वर्षं त्यांना सहलीला नेत होते."

"ते ऐकीव झालं."

मग मोजायचे ठरले. त्या शनिवार-रविवारी बाईंनी शाळेच्या संघातल्या अकरा मुली कालव्याच्या रस्त्यावर उभ्या केल्या. काटकोनरावांनी आदल्या दिवशी मोजचाक फिरवून तो रस्ता मोजला होता आणि प्रत्येक मैलाला खडूची रेघ मारली होती. मुलींच्या पाठीवर ठिणगीच्या शिदोरीइतके वजन, म्हणजे गणिताची आणि भूगोलाची पुस्तके. स्वतः ते सायकलवर.

"हे कशासाठी आहे, आजोबा?" संघाच्या कर्णधारणीने विचारले.

"ठिणगी ग्रहणद्वारी वेळेवर पोहोचते का, ते पाहायचं आहे. माझ्या हिशेबानं नाही पोहोचत."

अकराही मुलींनी ती पुस्तके वाचली होती. मग कर्णधारीण इतरांकडे वळून शांतपणे म्हणाली, "नाड्या बांधा गं."

पहिल्या दिवशी त्या सतरा मैल चालल्या. तेराव्या मैलाला काटकोनरावांनी सायकल थांबवून पाणी प्यायला सांगितले तर एक जण म्हणाली, "तुम्ही प्या, आजोबा. आम्ही पुढे होतो." दुसऱ्या दिवशी पायांना फोड आले होते, दोघी रुसल्या, एकीला पाण्याकाठी बदके पाहायची होती, तरी चौदा झाले. रुसवा आणि बदके धरून. काटकोनरावांनी खिंडीचा चढ, वाळू आणि चिखल यांची वजावट केली, सर्वांत वेगवान मुलगी न्यायासाठी वगळली, आणि रोजचा आकडा काढला: तेरा मैल. अकरा दिवसांचे एकशे त्रेचाळीस.

"आणि जायचंय एकशे चौपन्न," बाई म्हणाल्या. "अकरा मैल कमी पडतात."

"साडेपाच जायचे, साडेपाच यायचे," काटकोनराव म्हणाले. "कावळ्याचे."

त्यांनी त्याच संध्याकाळी लेखिकेला बोलावून घेतले. तिने वही पाहिली, खडूच्या रेघांचा आणि फोडांचा हिशेब ऐकला, आणि पहिल्यांदाच ती काटकोनरावांवर हसली नाही.

"म्हणजे कावळा विसरायचा प्रसंग काढला की सगळं जुळतं?"

"बरोब्बर. अकराव्या दिवशी सूर्यास्ताला दारात."

लेखिका बराच वेळ नखाने टेबलाची कड खरवडत होती. एक प्रकरण खोडायचे, बस. नकाशा जुळला असता, पुस्तक वेळेवर गेले असते, उजव्या कोपऱ्यात नाव आले असते. काटकोनरावांनी खोडरबर तिच्या बाजूला सरकवले नाही. पण ते होते तिथून उचललेही नाही.

"नाही जमणार," ती अखेर म्हणाली. "त्याची किल्ली संपलीय. तो एकटा पडलाय तिथे. त्याला टाकून पुढे जाते ती ठिणगी नव्हेच, काका. दुसरीच कुणीतरी आहे."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मागे राहिलेलीला टाकून पुढे आलेली मुलगी मी पुन्हा कधी सहलीला नेली नाही."

काटकोनरावांनी मान हलवली. त्यांनाही तो कावळा आवडू लागला होता, पण हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. "मग ती बाराव्या दिवशी पोहोचेल," ते म्हणाले. "दार बंद झालेलं असेल. मला तसाच नकाशा काढावा लागेल. तुम्हाला चालणार नसेल तर दुसऱ्याकडून करून घ्या. माझी तक्रार नाही."

आवाज सरळ होता. बाईंनी मात्र पाहिले की त्यांनी पेन्सिलीला टोक करायला घेतले आणि आधीच टोक असलेल्या पेन्सिलीला टोक केले.

लेखिका कच्च्या नकाशावर वाकली. वर, डोंगराच्या रेषेवर, दोन बारीक उभ्या रेघा होत्या: ग्रहणद्वार. दोन्ही बाजूंना पेन्सिलीचे एकेक प्रश्नचिन्ह.

"हे काय?"

"ते विचारायचं राहिलंच. दाराच्या डावीकडे काय आहे?"

"डावीकडे?"

"भिंत आहे, कडा आहे, की खंदक? उजवीकडेही तेच. चारही खंड पाहिले. दाराचा उल्लेख अडतीस वेळा आहे. ते काळ्या दगडाचं आहे, त्यावर डोळे कोरलेत, ते हजार वर्षं जुनं आहे. भिंतीचा उल्लेख एकदाही नाही."

"असेलच हो भिंत. दार म्हटलं की भिंत आलीच."

"मोजणीत नसलेली भिंत मी काढू शकत नाही. दारं नुसती उभी पुष्कळ पाहिलीत मी. घर पडतं, चौकट राहते."

आधी बाई हसायला लागल्या, तोंडावर पदर घेऊन. लेखिकेने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"हजार वर्षं," ती म्हणाली. "हजार वर्षं सगळे दार उघडायची वाट बघत बसले."

"बाजूला जाऊन कुणी पाहिलेलं दिसत नाही," काटकोनराव गंभीरपणे म्हणाले.

"मी आता लिहून टाकू शकते भिंत. एका ओळीचं काम आहे."

"खबरदार," बाई म्हणाल्या.

मंगळवारी लेखिकेने कचेरीतून रजा काढली. बुधवारी दुपारी नवे शेवटचे प्रकरण प्रकाशकांच्या टेबलावर होते आणि टेबलापलीकडे तिघे जण रांगेत बसले होते, मुलाखतीला आल्यासारखे. काटकोनरावांच्या मांडीवर नकाशाची गुंडाळी. प्रकाशक वाचत गेले. ठिणगी एक दिवस उशिरा पोहोचते, दार केव्हाच बंद झालेले असते, ती पायरीवर बसून रडते, आणि मग कावळा विचारतो, हे दार कशात बसवलंय? प्रकाशकांनी पान उलटले, परत मागे आले, पुन्हा वाचले.

"तीन खंड लोकांना दारासाठी ताटकळत ठेवलं," ते म्हणाले, "आणि ही बाजूने चालत जाते? मुली मला फाडून खातील."

"पुढे वाचा," लेखिका म्हणाली. "दार उघडलं त्या रात्री राणीचे शंभर पहारेकरी आत टपून बसले होते. ती येत नाही म्हणून पहाटे कंटाळून झोपले. वेळेवर आली असती तर दारातच सापडली असती."

प्रकाशकांनी उरलेली पाने वाचली. मग त्यांनी नकाशा मागून घेतला आणि टेबलावर पसरला. एकशे चौपन्न मैल, रोजचा एकेक मुक्काम, कावळ्यासाठीचा वळसा तुटक रेषेने, आणि सगळ्यांत वर नुसते उभे दार. त्याच्या दोन्ही बाजूंना काटकोनरावांनी गवताच्या खुणा केल्या होत्या.

प्रकाशकांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला; लेखिकेने पाणी दिले.

"नाव कसं घालू?" डोळे पुसत त्यांनी विचारले. "'नकाशा' म्हणून?"

"'मोजणी आणि रेखाटन' असं घाला," काटकोनराव म्हणाले. "मोजलंय ते."

पुस्तक निघाले. काटकोनरावांनी आपली प्रत कपाटात न ठेवता बैठकीच्या टेबलावर ठेवली, नकाशाच्या पानाशी उघडून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने आपणहून पाहावे म्हणून तिच्याकडे स्वतः अजिबात पाहिले नाही.

तीन महिन्यांनी त्यांना पत्र आले. प्रकाशकांच्या पत्त्यावर, पण पाकिटावर त्यांचे पूर्ण नाव. लिहिणारी नऊ वर्षांची होती. तिने आईच्या शिवणाच्या दोऱ्याने नकाशा मोजला होता. बाकी सगळे जुळते, तिने लिहिले होते, पण दलदल पंचवीस मैल सांगितली आहे आणि तुमची वाट सत्तावीस भरते, असे का?

काटकोनरावांनी कर्कटक घेऊन नकाशा पुन्हा मोजायला घेतला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. बाईंनी जेवणाची ताटे बोर्डापाशी नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"सत्तावीसच आहे," ते म्हणाले. "मगरीपाशी वाट काठाकाठाने दोनदा वळवलीय मी. पुस्तकात ती वळणं नाहीत."

"मग का वळवलीत?"

काटकोनरावांनी चष्मा काढला. "पाय धरला होता ना तिचा," ते म्हणाले. "जरा लांबून नेली."

त्यांनी मुलीला उत्तर लिहिले. तिची मोजणी योग्य असून नकाशातील तफावत निदर्शनास आणल्याबद्दल तिचे आभार मानले, चूक मान्य केली, आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. पत्र टाकायला ते चालत गेले. साहेबांच्या नावाखाली त्यांच्या हातून काही चुका झाल्याही असतील. पण त्या साहेबांच्या होत्या. टपालपेटीपाशी दूधवाला भेटला, परतताना समोरचा शिंपी भेटला, जिन्यात वरच्या मजल्यावरचे जोडपे भेटले. काटकोनरावांनी प्रत्येकाला थांबवून, ज्याने विचारले नाही त्यालाही, सांगितले की नकाशात दोन मैलांची चूक आहे, आणि ती त्यांची स्वतःची आहे.